पाडकामाआधी रंगीत काचेची खिडकी कशी काढावी, कुठे ठेवावी, कुणाला द्यावी

सोमवारी पाडकाम सुरू व्हायचं असतं आणि शुक्रवारी रात्री फोन येतो, "जिन्यावरची ती रंगीत काच वाचवता येईल का हो?" दोन दिवसांत काच भिंतीतून निघते, नाही असं नाही. पण ती कुठे लावायची हे ठरलेलं नसतं, मापं घेतलेली नसतात आणि मालकाची लेखी परवानगीही नसते. मग ती गोणपाटात गुंडाळून कुणाच्या तरी पोटमाळ्यावर जाते आणि पाच-सहा वर्षांनी काचा जोडणारं शिसं भंगारात, काच कचऱ्यात.

मुंबई-पुण्यातल्या पुनर्विकासाला निघालेल्या इमारती, जुने बंगले, पाडायला काढलेले वाडे, कोकण-गोव्यातली घरं आणि छोटी प्रार्थनास्थळं डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. त्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक लोक थेट सहाव्या टप्प्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच सगळं बिघडतं.

## १. काच कुणाची आहे ते आधी पाहा

पागडीच्या घरात तीन पिढ्या राहिलात तरी भिंतीत बसवलेली खिडकी घरमालकाची असते. सोसायटीच्या जिन्यावरची काच सोसायटीची, म्हणजे तिच्यासाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो. विश्वस्त संस्थेची इमारत असेल तर जास्त जपून. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला किंवा दान करायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, आणि भिंतीत पक्की बसवलेली खिडकी हा इमारतीचा भाग आहे असं कुणीही म्हणू शकतं. त्यामुळे संस्थेच्या वकिलाला आधीच विचारा. कॅथलिक चर्च असेल तर पॅरिश प्रीस्ट "घेऊन जा" म्हणाले तरी तेवढ्यावर भागत नाही. कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू विकायची वा देऊन टाकायची झाल्यास चर्चच्या कायद्याप्रमाणे परवानगी थेट रोमपर्यंत मागावी लागते.

इमारत वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत तपासा. असेल, तर वारसा समितीच्या परवानगीशिवाय काचेला हात लावू नका. आणि यादीत असो वा नसो, एक प्रश्न विचाराच: खिडकी जागच्या जागी राहू शकते का? नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात तीच काच बसवायला बिल्डर तयार झाला, तर पुढचं अर्धं काम वाचतं. आराखडा मंजूर होण्याआधी विचारलं तर बिल्डर हो म्हणण्याची शक्यता बरीच असते. नंतर विचारून फारसं काही हाती लागत नाही.

आता वयाचा मुद्दा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, इमारतीतून सुटी केलेली वस्तू पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत बसते. अशी काच खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. लंडनला किंवा दुबईला असलेला भाऊ "मला पाठवून दे, मी इथे लावतो" म्हणाला तर नाही सांगा.

सावधान: पाडकामाच्या करारात निघणारा माल सहसा ठेकेदाराचा असतो. दारं, खिडक्या, लोखंड, शिसं हे सगळं त्याने आपल्या हिशेबात धरलेलं असतं. "रंगीत काचेच्या खिडक्या, चौकटी व गजांसह, वगळून" ही ओळ करारात घालून घ्या. करार आधीच झाला असेल तर ठेकेदाराला त्याचे पैसे द्या आणि पावती घ्या. भांडून काही उपयोग नाही, कारण काच त्याच्या ताब्यात असते.

## २. घर आधी शोधा

काच उतरवण्याआधी दोन पत्ते हातात हवेत. एक, ती किमान वर्षभर ठेवायची कोरडी जागा. दुसरा, शेवटी ती जिथे लागणार ते ठिकाण.

माझा पसंतीक्रम असा: त्याच जागेवरची नवी इमारत, मग त्याच वस्तीतली किंवा त्याच संस्थेची दुसरी वास्तू, मग संग्रहालय किंवा वास्तुकला महाविद्यालय, आणि शेवटी खाजगी घर. धार्मिक चित्र असलेली काच हॉटेलच्या बारमागे दिवा लावून बसवायला मागणारे लोक भेटतात. द्यायची की नाही हे मालकाने ठरवावं, पण ठरवताना त्याला हे माहीत असावं.

घेणाऱ्याला फोटो पाठवताना माप, वजनाचा अंदाज आणि मोडतोड, तिन्ही सांगा. नुसता सुंदर फोटो पाठवला की सगळे हो म्हणतात आणि टेम्पो दारात उभा राहिला की "एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं" म्हणतात.

## ३. खिडकी कोणत्या जातीची आहे

आपल्याकडे "स्टेन्ड ग्लास" म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खिडक्यांपैकी बऱ्याच खिडक्या म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेली साधी रंगीत तावदानं असतात: लाल, निळी, हिरवी, पिवळी. दारावरच्या अर्धगोल झरोक्यात हीच दिसतात. त्यांत शिसं नसतं. तावदान लाकडी पट्टीने आणि लांबीने, म्हणजे पुट्टीने, धरलेलं असतं.

दुसरी जात शिशाच्या पट्ट्यांची. पट्टीला दोन्ही बाजूंना खाच असते, त्या खाचांत काचेचे तुकडे बसवतात आणि सांध्यांवर डाख देतात. असा जोडून झालेला एक अखंड भाग म्हणजे पॅनेल. मोठ्या खिडकीत अशी अनेक पॅनेलं एकावर एक असतात आणि आडव्या लोखंडी गजांना तांब्याच्या तारेने बांधलेली असतात. चेहरे, कपड्यांच्या चुण्या, अक्षरं ही काचेवर रंगवून भट्टीत भाजलेली असतात.

काढण्याआधी टॉर्च घेऊन एवढं पाहा:

- टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा. रंगवलेली बाजू मंद, खरखरीत दिसते. ही बहुधा आतली बाजू असते. सोनेरी-पिवळी छटा मात्र अनेकदा बाहेरच्या अंगाला असते.
- रंगकाम खवले धरून सुटतंय का? सुटत असेल तर तिथेच थांबा आणि काच-संवर्धक बोलवा. हे हौशी माणसाचं काम नाही.
- पॅनेलला पोट आलंय का? जुनं शिसं थकतं आणि काच एका बाजूला फुगते. ते पोट हाताने दाबून सपाट करायला जाऊ नका, तडे जातात.
- लोखंडी गज गंजून फुगलेत का? गज फुगला की आजूबाजूचा दगडही फुटलेला असतो.

## ४. नोंद

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि नंतर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं तेही हेच. काच फुटली तर नोंदीवरून नवी करता येते.

फोटो. ढगाळ दिवशी, किंवा बाहेरून पांढरी चादर ताणून, उजेड काचेतून येईल असा एक संच काढा. कॅमेरा काचेच्या अगदी समोर हवा, तिरका नको. उजेड थोडा कमी ठेवून काढा, नाहीतर पिवळा आणि फिकट निळा पांढरेच येतात. दुसरा संच संध्याकाळनंतर टॉर्चच्या आडव्या उजेडात काढा. त्यात भेगा, पोट, रंगाचे खवले आणि शिशाचे सांधे दिसतात. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा. आधी पूर्ण खिडकी, मग एकेक पॅनेल, मग बारकावे.

मापं. दिसणाऱ्या भागाचं माप वेगळं, आणि खाचेत दडलेल्या कडेसह येणारं माप वेगळं. दोन्ही लिहा. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, उंचीही तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण घ्या. जुनं भगदाड काटकोनात असतं हा भ्रम पहिल्याच मोजणीत जातो. कमानीचा आकार ब्राऊन पेपरवर गिरवून घ्या.

क्रमांक. आतून पाहताना, खालून वर आणि डावीकडून उजवीकडे. कागदावर खिडकीचं चित्र काढून त्यात क्रमांक लिहा आणि तेच क्रमांक चौकटीला किंवा कडेच्या शिशाला चिठ्ठीने लावा. काचेवर मार्करने लिहू नका. चिठ्ठीवर "आत" आणि "बाहेर" लिहायला विसरू नका. हे विसरल्यामुळे अक्षरं उलटी बसलेली खिडकी मी पाहिली आहे.

तपासा: ज्याने खिडकी कधी पाहिलेली नाही अशा माणसाला तुमची वही द्या. कुठलं पॅनेल कुठे बसतं हे त्याला सांगता आलं नाही, तर नोंद अपुरी आहे.

## ५. तयारी

इमारत महापालिकेने सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरवली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय आत जाऊ नका. पावसाळ्यात तर नाहीच. काच गेली तर गेली.

उंचीवर शिडी चालत नाही. बांधलेली परांची हवी, आणि तिचा फळा दोन माणसं आणि एक पॅनेल मावेल एवढा रुंद. परांची भिंतीला टेकवलेली असेल तर ती खिडकीच्या चौकटीवर रेटत नाही ना, ते बघा.

सामान: पातळ पटाश्या, लाकडी हातोडी, हॅकसॉची सुटी पाती, लांबी काढायची सुरी, पक्कड, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर, पॅनेलपेक्षा चारही बाजूंनी थोडे मोठे प्लायचे तुकडे, पॉलिथिन फोमचे तक्ते, रुंद सुती पट्टे, कागदी चिकटपट्टी, लखोटे. ब्राऊन पार्सलची चिकटपट्टी मात्र आणू नका. मुंबईच्या उन्हात तिचा गोंद दोन दिवसांत काचेला धरतो आणि काढताना रंगही घेऊन येतो.

सावधान, शिसं: जुन्या शिशावरची पांढरी पूड विषारी असते. नायट्रिल हातमोजे घाला आणि धुळीसाठी नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क वापरा. कोरडा ब्रश किंवा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम चालू असताना चहा, तंबाखू, जेवण बंद. कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया या जागेपासून लांब राहाव्यात. ठेकेदाराच्या माणसांना हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

## ६. काढणं

### लाकडी चौकट असेल तर

तावदानं सुटी काढू नका. चौकटीसकट काढा. उघडणारी झडप असेल तर बिजागरीचे स्क्रू काढले की झालं. स्क्रू गंजले असतील तर बिजागरी कापा, लाकूड फोडू नका.

भिंतीत पक्की असलेली चौकट होल्डफास्टनी, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते. चौकटीच्या बाजूचा गिलावा फोडून होल्डफास्ट शोधा आणि हॅकसॉच्या पात्याने कापा. भिंत पडणारच आहे, तेव्हा तोडायचं ते भिंतीचं तोडा. चौकट सुटण्याआधी तिच्यावर दोन पट्ट्या फुलीसारख्या तिरप्या लावा, म्हणजे ती वाकडी होणार नाही. पट्ट्या स्क्रूने लावा. मी एकदा घाईत खिळे ठोकले होते. एका अर्धगोल झरोक्याची सात तावदानं शाबूत होती, आठवं शेवटच्या खिळ्याला गेलं.

तावदान सुटं काढावंच लागलं, तर लाकडी पट्टी मधोमध सैल करून दोन्ही टोकांकडे जा. लांबी दगडासारखी झाली असेल तर थोडी थोडी खरवडा. गॅसची बत्ती लावून मऊ करू नका, काच तडकते.

### शिशाचं पॅनेल असेल तर

बसवताना खालून वर जातात, म्हणून काढताना वरून खाली या. खालचं पॅनेल आधी ओढलं तर वरचं त्याच्यावर येतं.

१. हलणारे तुकडे कागदी चिकटपट्टीने धरा, पण फक्त न रंगवलेल्या बाजूला.

२. तांब्याच्या तारा सरळ करून गजापासून सोडवा. तुटल्या तर तुटू द्या, पण शिशावरचं त्यांचं मूळ उपटू नका. गज नंतर काढा आणि जपून ठेवा, तेही खिडकीचेच आहेत.

३. कडेचा चुना किंवा लांबी पातळ पटाशीने काढा. पटाशीचं तोंड कायम भिंतीकडे, काचेकडे कधीच नाही. जुना चुना मुकाट्याने निघतो. खरी डोकेदुखी नंतरच्या दुरुस्तीत कुणी भरलेल्या सिमेंटची. तिथे सिमेंटशी झगडू नका, थोडं बाहेरून वीट किंवा दगडच पोखरा.

४. ग्राइंडर काचेजवळ आणू नका. हादरा तर बसतोच, शिवाय तापलेल्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते ठिपके कायमचे राहतात.

५. अनेक खिडक्यांत एका बाजूची खाच दुसरीपेक्षा खोल असते. पॅनेल त्या खोल बाजूला सरकवलं की दुसरी कड मोकळी होते. सरकत नसेल तर जोर लावू नका. कुठेतरी चुना अजून उरलाय, तो शोधा.

६. पॅनेल सुटताना एक माणूस आत, एक बाहेर. आतल्याने फोम लावलेला प्लाय पॅनेलच्या पाठीशी आधीच धरलेला असावा. पॅनेल प्लायला टेकवा, सुती पट्ट्याने बांधा, मग प्लायसकट उतरवा.

सर्वांत जास्त होणारी चूक: सुटलेलं पॅनेल ट्रे धरतात तसं दोन बाजूंनी आडवं धरणं. जुनं शिसं स्वतःचं वजन पेलत नाही, पॅनेल मधून लवतं आणि काच तडतडत सुटते. पॅनेल नेहमी उभं, कडेवर धरा. झोपवायचं असेल तर आधी उभ्या स्थितीत फळीला टेकवा आणि फळीच हळूहळू आडवी करा.

तपासा: सगळी पॅनेलं उतरल्यावर भगदाडाची तळकड आणि खाच चाळा. जुन्या फुटीचे तुकडे तिथे पडलेले असतात. क्रमांक घालून लखोट्यात भरा.

काम रुळल्यावर, सपाट टेबलावर, न रंगवलेल्या बाजूवर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने शिशाच्या रेषांचा ठसा घ्या. पुढे शिसं बदलायची वेळ आली तर हाच खरा नकाशा. रंग सुटत असेल तर ठसा घेऊ नका.

## ७. नेणं आणि ठेवणं

टेम्पोत पॅनेलं उभी, गाडीच्या लांबीला समांतर, दोन पॅनेलांमध्ये फोम. आडवी रचली तर पहिल्या गतिरोधकालाच खालची जातात. ड्रायव्हरला माल भरण्याआधीच सांगा, नंतर तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

ठेवण्याची जागा कोरडी आणि हवा खेळती राहील अशी हवी. बाहेरच्या भिंतीला, संडास-मोरीच्या भिंतीला किंवा गच्चीखालच्या गळक्या खोलीत नको. पॅनेलं किंचित कललेली, जमिनीपासून वर, लाकडी ठोकळ्यांवर. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. पावसाळ्यात आत घाम धरतो. वर्तमानपत्र ओलं होऊन चिकटतं.

फारसं कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट: नवं प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि काही लाकडं मंद आम्लाची वाफ सोडतात आणि बंद जागेत तिने शिसं पांढरं पडतं. नव्या बंद कपाटात काच ठेवून दार लावू नका.

## ८. धुऊ नका

हात शिवशिवतात, मान्य आहे. तरी काच धुऊ नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, अमोनियाचे काच-स्प्रे, भांड्याची पूड, काथ्या, सगळं वर्ज्य. आम्ल शिशाला खातं आणि घासण्याने भाजलेला रंगही निघतो. धूळ मऊ ब्रशने हलकेच उचलून व्हॅक्युमच्या तोंडाकडे न्या, त्या व्हॅक्युमला बारीक धूळ अडवणारं हेपा गाळणं असलं पाहिजे. साध्या, न रंगवलेल्या काचेवर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेला कापूस फिरवता येतो, तोही आधी कोपऱ्यात पाहून.

फुटलेले तुकडे इन्स्टंट गोंदाने किंवा एम-सीलने जोडू नका, पुढच्या कारागिराला ते सोडवता येत नाही. शिसं बदलायची गरज आहे का, हे संवर्धकाला ठरवू द्या. बदललंच, तर जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा नोंदीबरोबर ठेवा.

## ९. नव्या जागी बसवणं

आधी वजन. तीन मिलिमीटर काच दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते. शिसं, गज आणि चौकट धरून किमान दुप्पट समजा आणि आधार त्याहून भक्कम द्या. जिप्समच्या भिंतीला लटकवू नका.

माप जुळत नाही म्हणून काच कापू नका. भगदाड मोठं असेल तर भोवती साध्या काचेची किनार द्या. लहान असेल तर ती जागा या खिडकीची नाही, दुसरी शोधा.

पाऊस लागणारी जागा असेल तर बाहेर साधी काच लावा आणि जुनं पॅनेल तिच्या आत, किमान तीन सेंटीमीटर अंतरावर बसवा. त्या पोकळीला वर आणि खाली हवेसाठी फटी ठेवा. हल्ली फॅब्रिकेटर "दोन काचांच्या मध्ये सील करून देतो" म्हणतात. नको. आतला ओलावा कुठेच जात नाही.

सिलिकॉन वापरताना वास घ्या. व्हिनेगरचा वास आला तर ते शिशाजवळ चालत नाही, न्यूट्रल प्रकारचं मागा. मागून दिवा लावायचा असेल तर एलईडीच, आणि काच व दिव्यात अंतर.

लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, झुलत्या दारात किंवा न्हाणीघरात शिशाची काच नको.

कागद: देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं पत्र करा. त्यात मूळ इमारतीचं नाव व पत्ता, काढल्याची तारीख, पॅनेलांची संख्या, असलेली मोडतोड, आणि "पुढे नको झाली तर आधी देणाऱ्याला विचारावं" ही अट. त्याची एक प्रत फोटोंसह घेणाऱ्याकडे, एक मूळ मालकाकडे. मूळ पत्त्याची छोटी पाटी चौकटीच्या आतल्या बाजूला स्क्रूने लावा.

पहिला पावसाळा सरला की एकदा जाऊन या. शिशावर पांढरी पूड, पोकळीत घाम, कडेला ओल किंवा नवं पोट दिसलं तर हवेच्या फटी आधी तपासा. बहुतेक वेळा रंगाऱ्याने त्या बुजवलेल्या असतात.